बी वन पेशीच्या आत शिरतं कसं?

बी वन म्हणजे थायमिन, पाण्यात विरघळणारं व्हिटॅमिन, हे शाळेतच पाठ झालेलं असतं. मग बाटलीवर 'फॅट सोल्युबल बी वन' दिसलं की डोकं चक्रावतं, कारण चरबीत विरघळणारी व्हिटॅमिन्स चारच ना, ए, डी, ई आणि के?

गोम रेणूत आहे. स्क्रीनवर ही पाच बाजूंची रिंग दिसतेय ना, हिच्यातल्या नायट्रोजनवर पॉझिटिव्ह चार्ज असतो, आणि पेशीचं आवरण पडलं चरबीचं, ते चार्जवाल्या रेणूला दाद देत नाही. त्यामुळे थायमिनला आत न्यायला खास ट्रान्सपोर्टर प्रोटीन लागतात. ती भरली की पुढचं काम फार हळू चालतं, म्हणजे गोळी दहापट मोठी घेतली म्हणून रक्तात दहापट जाईल असं अजिबात नाही.

1950 च्या दशकात जपानी संशोधकांना अ‍ॅलिथायमिन सापडलं, लसणातले गंधकवाले पदार्थ आणि थायमिन एकत्र आले की बनणारं. यात ती रिंगच उघडलेली असते, गंधकाला गंधक जोडलेला, चार्ज गायब! असा रेणू ट्रान्सपोर्टरसाठी थांबत नाही, सरळ आवरणातून पार होतो, आत ग्लुटाथायोन नावाचं पेशीतलंच एक रसायन तो गंधकाचा जोड तोडतं, रिंग परत मिटते आणि हाती येतं आपलं तेच साधं थायमिन. यावरून बनवलेल्या सुरुवातीच्या औषधांची भानगड एकच, घेणाऱ्याच्या श्वासाला लसणाचा वास यायचा, म्हणून मग कमी वासाचं फरसल्टियामिन आलं.

बेन्फोटियामिन हे 'फॅट सोल्युबल' म्हणून विकलं जाणारं आणखी एक बी वन, पण त्याची तऱ्हाच वेगळी. हे बाटलीत असताना तेलात धड विरघळतसुद्धा नाही (जाहिरातीत हे कोण सांगणार!). आतड्यातलं एन्झाइम त्याचा फॉस्फेट तोडतं, तेव्हा कुठे उरलेला भाग चरबीतून सरकू शकतो, आणि त्याचं थायमिन बरंचसं लिव्हरमध्ये होतं. रक्तातली पातळी साध्या गोळीपेक्षा चांगलीच वर जाते हे खरंय, पण उंदरांवरच्या प्रयोगात मेंदूतलं थायमिन काही फारसं वाढलं नाही.

एकदा पेशीत पोचलं की कुठल्या वाटेने आलं याला काही अर्थ उरत नाही. थायमिनला दोन फॉस्फेट चिकटतात आणि ते ग्लुकोजपासून एनर्जी काढणाऱ्या एन्झाइमांच्या हाताखाली कामाला लागतं. आणि फॅट सोल्युबल म्हटलं म्हणून हे ए किंवा डी सारखं महिनोन्‌महिने साठून राहील असं कुणी समजू नये, अख्ख्या शरीरात थायमिन मावतं जेमतेम 25 ते 30 मिलिग्रॅम, जादाचं लघवीवाटे बाहेर.