बारावीला मार्क कमी पडले, कॉलेजात निभावेल का?

नमस्कार मंडळी! निकाल लागल्यापासून कमेंटमध्ये एकच विचारणा: "दादा, बारावीला ५८ टक्केच आहेत, इंजिनिअरिंग झेपेल का?"

झोप, वेळेवर सबमिशन, मोबाईल लांब, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. मी हजेरीवर बोलणार आहे.

२०१० मध्ये संशोधक मार्कस क्रेडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजेरीवरचे बरेच अभ्यास एकत्र करून तपासले. कॉलेजच्या मार्कांशी हजेरीचं नातं शाळेच्या मार्कांपेक्षा आणि अमेरिकेतल्या कॉलेज-प्रवेशाच्या एसएटी परीक्षेपेक्षाही घट्ट निघालं. "हुशार पोरंच लेक्चरला बसतात हो!" असं लगेच कुणीतरी लिहील. तसंही नाही. शाळेतले मार्क आणि हजेरी यांचा आपसात फारसा संबंधच सापडला नाही. म्हणजे ५८ टक्केवाल्या, तुझ्या हातात बरंच काही आहे.

आणि हजेरी म्हणजे प्रॉक्सी, म्हणजे मित्राने आपल्या नावाने लावलेली हजेरी, नव्हे. प्रॉक्सीने कमी हजेरीवाल्यांच्या डिफॉल्टर लिस्टमधून नाव निघतं, एम-वन (पहिल्या वर्षाचा गणिताचा पेपर) निघत नाही.

"नोट्सचे फोटो मिळतात ना ग्रुपवर!" अरे, फोटोत गणित सुटलेलं दिसतं. आमच्या सरांनी एकदा ० ते १ चं इंटिग्रेशन घेतलं, एक्सच्या जागी साइन थीटा घातला आणि खडू थांबवून विचारलं, "लिमिट बदलल्या का?" अर्ध्या वर्गाने ० ते १ तशाच ठेवल्या होत्या. त्या ० ते पाय बाय टू होतात. ते विचारणं, खोडणं, कुठल्या फोटोत येणार?

"यूट्यूबवर बघतो" हेही रोजचंच. बघा की, मीही तिथेच शिकवतो. पण मला तुमची वही दिसत नाही. चुकलात तर तिथल्या तिथे टोकणारं माणूस लेक्चरलाच भेटतं.

नोकरी करून शिकणारे बरेचजण विचारतात, आम्ही काय करायचं? तुमची ओढाताण खरी आहे. जमतील तेवढी लेक्चर्स धरा, आणि बसलात की त्याच संध्याकाळी वही मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. २००६ च्या रोडिगर आणि कार्पिके यांच्या प्रयोगात उतारा पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांना आठवड्यानंतर ४० टक्के आठवला, एकदा वाचून तीनदा आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. लिहून झालं की वही उघडा, राहिलेलं लाल पेनने भरा, आणि ते लाल तेवढं दुसऱ्या दिवशी सरांना विचारा.