टांग न मारता

(दृश्य: सायकल दुरुस्तीचं दुकान. स्टँडवर अडकवलेलं मागचं चाक, मिस्त्रींचे हात.)

ऐका. तारेला नखाने टिचकी मारली की ती वाजते. घट्ट तार उंच सुरात, सैल तार भसाड्या. मिस्त्री चाळीसही तारा आधी कानाने जुळवतात आणि मग चाकाचा आऊट, म्हणजे डगमग, काढायला बसतात. हे चाक माझ्या बाबांच्या सायकलचं. बाबा आता ७२ वर्षांचे आहेत.

त्यांची जुनी सायकल ती बघा, भिंतीला टेकलेली. काळी, चोवीस इंची, दांडीची, सळयांच्या ब्रेकची. पुणं सायकलींचं शहर होतं तेव्हाची. तिच्यावर ते कामाला गेले, आईला डबलसीट घेऊन पर्वतीला गेले, मला दांडीवरच्या छोट्या सीटवर बसवून शाळेत सोडलं. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी टांग मारताना पाय पलीकडे गेलाच नाही. सायकलसकट आडवे झाले. खरचटण्यावर भागलं, पण त्या दिवशी सायकलला लागलेलं कुलूप पुन्हा निघालं नाही. वय झालं, असं सगळे म्हणाले.

मला ते पटेना. एकदा सीटवर बसले की बाबा तासभर आरामात चालवायचे. अडत होतं ते चढताना आणि उतरताना. मग त्या दोन क्षणांसाठी सायकल बदलायची की माणसाने घरी बसायचं?

(दृश्य: खाली वाकवलेल्या नळीची फ्रेम, रंग खरवडताना.)

दांडी नसलेली फ्रेम आपल्याकडे गल्लोगल्ली मिळते. पण तिला आपण 'लेडीज सायकल' म्हणतो. या एका नावापायी किती आजोबांची सायकल सुटली असेल, याचं मला फार वाईट वाटतं. साडी सांभाळून बसता यावं म्हणून खाली घेतलेली ती नळी दुखऱ्या खुब्यालाही तितकीच सोयीची असते. बाबा आठवडाभर नाहीच म्हणत होते. शेवटी आई म्हणाली, "अहो, मी तीस वर्षं तीच चालवली. मला काय झालं?"

जुन्या सायकलची घंटी, कॅरिअर आणि स्प्रिंगची चामडी सीट या फ्रेमवर आली. सीट बदलायचा विचारही केला नाही. इतक्या वर्षांत तिच्यात बाबांचा साचा उतरलाय. हँडल मात्र उंच केलं, सीटच्याही वर. पाठ ताठ राहते, मनगटांवर भार येत नाही. ताठ बसलं की सगळं वजन बैठकीवर येतं, म्हणून अशा सायकलला रुंद सीट लागते.

गुडघ्यासाठी क्रँक, म्हणजे पायडलचे दांडे, बदलले. आधीचे १७० मिलिमीटरचे, हे लहान मुलांच्या सायकलचे १५२ चे. फरक अठरा मिलिमीटरचा. पण तेवढीच सीट वर घेता येते, त्यामुळे पायडल वर येतं तेव्हा गुडघ्याला साडेतीन सेंटिमीटर जास्त जागा मिळते.

(दृश्य: तळहातावर जुना हब. कॅमेरा जवळ.)

आणि हा माझा सगळ्यात लाडका भाग. जुन्या बाजारात एका रविवारी सापडला. स्टर्मी-आर्चर कंपनीचा एडब्ल्यू, तीन गिअरचा इंग्लिश हब, म्हणजे मागच्या चाकाच्या मधोमध बसणारा भाग. हे मॉडेल १९३६ साली आलं. कवचावर ६० कोरलंय, म्हणजे हा १९६० चा. सगळे दाते आत, तेलात. बाहेर लोंबणारं काही नाही, पावसाचा चिखल लागत नाही. मधला गिअर साध्या सायकलसारखा, खालचा पाऊण पट, वरचा एक तृतीयांश जड. ब्रिटिश सायकलींच्या पुढच्या चाकाला ३२ तारा आणि मागच्याला ४० असायच्या, आपल्या काळ्या सायकलींनीही तेच उचललं. म्हणून चाळीस भोकांची रिम मिस्त्रींच्या माळ्यावरच निघाली. एकच काळजी घ्यायची, केबलचा ताण. तो चुकला तर दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये पायडल एकदम मोकळं फिरतं. मिस्त्रींनी तो चार वेळा तपासला.

फ्रान्सच्या रोबेर मार्शां यांनी ४ जानेवारी २०१७ रोजी, वयाच्या १०५ व्या वर्षी, तासाभरात २२.५४७ किलोमीटर सायकल चालवली. शंभरी ओलांडल्यावरही त्यांनी नेमाने सराव केला, त्यातला बराचसा हलक्या जोरावर. मी हे बाबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "त्यांची सीट कुठली होती?"

(दृश्य: पहाट, सिंहगड रस्ता. मागून दिसणारे बाबा.)

खडकवासल्याला जाताना मी मुद्दाम मागे राहतो. सपाटीवर हब टिकटिक करत असतो, वरच्या गिअरमध्ये जरा घाईने. धरणाजवळचा चढ येतो. बाबांचा अंगठा हलतो. खालच्या गिअरमध्ये पायडल मारताना हा हब वाजत नाही.

(टिकटिक थांबते. फक्त टायरचा आवाज. बाबा बसल्या बसल्याच चढ चढताहेत.)