आजोबांची मिशी किती पिक्सेलची?

[दृश्य : खानापूर. बाजारातलं झेरॉक्सचं दुकान.]

"आण्णा, तेवढा फोटो मोठा करून द्या की."

मावशींनी काउंटरवर ठेवलेला फोटो पासपोर्ट साइजचा, ३५ बाय ४५ मिलिमीटर. यातल्या आजोबांना आता भिंतीवर जायचंय, अकरा इंच रुंद फ्रेममध्ये.

स्कॅनर ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, असा लावला तर या फोटोच्या रुंदीत जेमतेम ४१३ पिक्सेल येतात. अकरा इंचांवर पसरले की इंचाला ३८ सुद्धा उरत नाहीत. मिशीच्या पायऱ्या होतात. १२०० वर लावला, तर इंचाला दीडशे. भिंतीवर लांबून बघायला तेवढे चालतात.

स्कॅनरच्या खोक्यावर कधी कधी याहून कितीतरी मोठा आकडा छापलेला असतो. त्यावर जाऊ नका. शेजारचे पिक्सेल बघून सॉफ्टवेअरनं अंदाजानं भरलेले ठिपके त्यात धरलेले असू शकतात. बघायचा तो ऑप्टिकल आकडा, म्हणजे स्कॅनरला स्वतःला खरोखर दिसतात तेवढे ठिपके. आणि मूळ प्रिंटमध्येच नसलेला मिशीचा केस तोही कुठून आणणार?

[दृश्य : जुनी पेटी. मोडी लिपीतले कागद.]

सीमाभागातल्या जुन्या घरांत असे कागद अजून निघतात. खरेदीखतं, वाटण्या. मोडी हात न उचलता लिहायची लिपी. सगळा अर्थ वळणात. अर्ध्या मिलिमीटरची रेघ ३०० डीपीआयला सहा पिक्सेलांत बसते, १०० ला फक्त दोन. दोन पिक्सेलांत गाठ कुठली आणि वळण कुठलं, जाणकारानंही कसं ओळखावं?

आणि स्कॅन रंगीतच करा. निव्वळ काळ्या-पांढऱ्यात ओलीचा डाग आणि शाई दोन्ही काळी होतात. फाइल जड होते, हे खरं : ए-फोर कागद ३०० ला रंगीत, कॉम्प्रेस न करता, सुमारे २६ एमबी, ६०० ला चौपट, १०४.

मोबाइलनं काढलं तर? १२ मेगापिक्सेल म्हणजे साधारण ४००० बाय ३०००. ए-फोर कागद फ्रेमभर आला तर इंचाला ३४० च्या आसपास पडतात. कागदाभोवती अर्धं टेबल दिसलं, की ते पिक्सेल टेबलाला गेले. हात हलला तर मोजदादच नको.

पुण्याच्या भाच्याला वॉट्सॅपवर पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेला की वाटेतच आकसतो.