गळतीचा हिशेब

(दृश्य : संगणकाच्या पडद्यावर उघडलेला तक्ता. डावीकडे देणगीदारांचे क्रमांक, वर महिन्यांची नावे.)

या तक्त्यात प्रत्येक देणगीदाराला एक ओळ आणि प्रत्येक महिन्याला एक चौकट दिलेली आहे. देणगी जमा झाली की चौकट हिरवी होते. झाली नाही तर पांढरी राहते. बहुतेक ओळींत हिरवा रंग अखंड दिसतो, पण काही ओळींत तो मध्येच थांबतो आणि पुढे पुन्हा उमटत नाही. महिनाअखेरीस स्वयंसेवी संस्थेत सर्वांचे डोळे असतात ते तक्त्याच्या तळाशी असलेल्या एकूण रकमेवर. हिरवा रंग जिथे थांबतो, त्या चौकटीकडे सहसा कोणी पाहत नाही.

दरमहा थोडे थोडे मागण्याची कल्पना जुनी आहे. 1823 साली आयरिश नेते डॅनियल ओकॉनेल यांनी कॅथलिकांच्या राजकीय हक्कांसाठी डब्लिनमध्ये कॅथलिक असोसिएशन ही संघटना स्थापन केली, तेव्हा तिची वार्षिक वर्गणी एक गिनी होती आणि ती सामान्य कुळाच्या आवाक्याबाहेरची होती. पुढच्याच वर्षी दरमहा एक पेनी देणाऱ्यालाही सहयोगी सभासद करून घेण्याचे ठरले, आणि गावोगावच्या चर्चच्या आवारात गोळा होऊ लागलेल्या या वर्गणीने चळवळीला पैसा तर दिलाच, शिवाय आजवर केवळ श्रोता असलेल्या माणसाला सभासद केले. 1829 साली ब्रिटिश संसदेने कॅथलिकांवरील प्रमुख राजकीय निर्बंध उठवले. त्याचे सगळे श्रेय पेनीला देणे भाबडेपणाचे ठरेल. मात्र ती पेनी हाताने द्यावी लागत असे, आणि त्यामुळे देणाऱ्याला महिन्यातून एकदा तरी त्या कामाची आठवण होत असे. आज देणगी खात्यातून आपोआप वळती होते. त्यात देणाऱ्याची खटपट वाचली, आणि आठवणीचा तो क्षणही गेला.

(दृश्य : कोऱ्या आलेखावर दोन रेघा हळूहळू उमटू लागतात.)

आता दोन संस्थांची कल्पना करू. दोघीही शून्यापासून सुरुवात करतात आणि दोघींनाही दरमहा दहा नवे नियमित देणगीदार मिळतात. पहिलीकडून दर महिन्याला शंभरातले दोन देणगीदार गळतात, दुसरीकडून चार. वर्षअखेरीस पहिलीकडे सुमारे 108 देणगीदार असतील आणि दुसरीकडे सुमारे 97. वार्षिक सभेत या फरकावर कोणी प्रश्नही विचारणार नाही. पाच वर्षांनी मात्र पहिलीकडे सुमारे 351 असतील आणि दुसरीकडे 228. त्याहून महत्त्वाचे असे, की दुसरी संस्था याच गतीने कितीही वर्षे चालली तरी 250च्या वर जाऊ शकणार नाही, कारण 250 देणगीदारांतून दरमहा दहा गळतात आणि येणारेही दहाच असतात. पहिलीची मर्यादा 500 आहे. दोन्ही ठिकाणचे कार्यकर्ते सारखेच राबले, सारखेच दरवाजे ठोठावले. फरक पडला तो आलेल्यांना टिकवण्यात.

हे गणित शाळेतल्या हौदाच्या गणितासारखेच आहे, तरीही संस्थांचा बहुतेक वेळ आणि खर्च नळाचे तोंड मोठे करण्यावर होतो. याचे कारण समजण्यासारखे आहे. नवा देणगीदार आला की आनंद होतो, छायाचित्र काढता येते, विश्वस्तांना सांगता येते. जो गेला, तो मात्र काही न बोलता जातो.

शिवाय जाणाऱ्यांपैकी अनेकांनी जायचे ठरवलेलेच नसते. कार्डाची मुदत संपलेली असते, हरवल्यामुळे ते बदललेले असते किंवा वळतीच्या दिवशी खात्यात पुरेशी शिल्लक नसते. बँकेकडून नकार येतो, संगणक त्याची नोंद करतो आणि विषय तिथेच संपतो. देणगीदाराला वाटत राहते की आपली मदत सुरू आहे. संस्थेला वाटते की त्याने हात आखडता घेतला. हा गैरसमज दूर करण्याचे उपाय अगदी साधे आहेत. मुदत संपण्याच्या महिनाभर आधी कळवावे. नकार आल्यास काही दिवसांनी, शक्यतो पगार जमा झाल्यावर, पुन्हा प्रयत्न करावा. आणि जिथे शक्य असेल तिथे कार्डाऐवजी थेट बँक खात्यातून वळतीची परवानगी घ्यावी, कारण कार्डाप्रमाणे खात्याची मुदत संपत नाही.

ज्यांना खरोखर थांबायचे आहे, त्यांची वाट अडवू नये. थांबण्याची सोय लपवून ठेवणाऱ्या संस्थेला दोन-तीन महिन्यांचे पैसे अधिक मिळत असतील, पण तो माणूस पुन्हा त्या दाराशी येत नाही. उलट, अडचणीच्या काळात देणगी तीन महिने स्थगित ठेवण्याची किंवा निम्मी करण्याची मुभा दिली, तर पुष्कळ जण तेवढ्यावर समाधान मानतात आणि देणगी कायमची बंद करत नाहीत.

(दृश्य : त्याच तक्त्यातील एकच ओळ मोठी होत जाते.)

टिकलेल्या देणगीचीही झीज होते. महागाई वर्षाला सहा टक्के असेल, तर आज ठरलेली रक्कम पाच वर्षांनी तीन चतुर्थांश मोलाची उरते आणि सुमारे बारा वर्षांनी निम्म्या. म्हणून वर्षातून एकदा, वर्षभरात काय झाले हे सांगून, रक्कम थोडी वाढवाल का असे विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. आधी सांगणे आणि मग विचारणे, हा क्रम मात्र मोडू नये.

दीर्घ पल्ल्याची प्रगती तपासताना एकूण आकडा बाजूला ठेवून एकाच महिन्यात आलेल्यांचा गट घ्यावा, आणि त्यातले एक, तीन व पाच वर्षांनंतर किती उरले ते मोजावे. पाच वर्षांपूर्वीच्या गटापेक्षा गेल्या वर्षीचा गट पहिल्या बारा महिन्यांत कमी गळला असेल, तर एकूण रक्कम अजून वाढलेली नसली तरी संस्था सुधारली आहे. उलटही घडते, आणि ते पचवणे जड जाते : एखाद्या मोठ्या मोहिमेने एकूण रक्कम फुगलेली असते आणि तिच्यातून आलेला गट मात्र झपाट्याने विरत असतो. यासोबत आणखी एक प्रश्न विचारावा लागतो, की या खात्रीच्या पैशामुळे आपण असे काय करू शकलो, जे एका वर्षाच्या अनुदानावर हाती घेण्याचे धाडस झाले नसते. एखाद्या शिक्षिकेला तीन वर्षांची नेमणूक देता आली का? उत्तर नकारार्थी असेल, तर पैसा टिकला आणि कामात मात्र सातत्य आले नाही.

पडद्यावरची ही ओळ नऊ वर्षांची आहे, असे समजू. सलग हिरव्या चौकटी, मग दोन पांढऱ्या, आणि दुसरीत कोणीतरी टिपण लिहून ठेवलेले : ‘कार्ड बदलले होते. फोन केला. त्यांना माहीत नव्हते.’ त्याच्या पुढची चौकट हिरवी आहे.