चालू होतं, पण टिकत नाही

(दृश्य: गवत कापायचं यंत्र. एक हात दोरी ओढतो.)

दोरी ओढली. इंजिन फुरफुरलं, सुरू झालं, दोन-तीन सेकंद ऐटीत चाललं आणि मान टाकली. पुन्हा दोरी, पुन्हा तेच. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी स्पार्क प्लगकडे जातो. प्लग स्वस्त, काढायला सोपा, म्हणून बळी त्याचाच. पण प्लगने ठिणगी टाकली म्हणून तर इंजिन सुरू झालं! कॉम्प्रेशनही, म्हणजे सिलिंडरमधला दाबही आहे, नाहीतर ते एकदाही पेटलं नसतं. सुरू होऊन बंद पडणारं इंजिन निम्मं निदान स्वतःच करून देतं. उरलेलं निम्मं घड्याळ सांगतं. किती वेळाने बंद पडलं?

काही सेकंदांत पडलं, तर संशय कार्बुरेटरवर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागावर. सुरू करताना आपण चोक (हवा अडवणारी झडप) ओढतो किंवा प्रायमरचा रबरी फुगा दाबतो. त्याने सिलिंडरला ज्यादा पेट्रोल मिळतं आणि तेवढ्या शिदोरीवर इंजिन सुरू होतं. शिदोरी संपली की पुढचं पेट्रोल मुख्य जेटमधून, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या भोकातून यायला हवं. ते आलं नाही की खेळ खलास. खात्री करायची तर चोक अर्धा ओढून ठेवा. तसं चालतंय आणि चोक सोडला की मरतंय, म्हणजे एक तर पेट्रोल कमी पडतंय, नाहीतर गॅस्केटच्या (सांधा बंद करणाऱ्या चकतीच्या) फटीतून फाजील हवा शिरतेय.

(दृश्य: कार्बुरेटर, अगदी जवळून.)

इंजिन गार होऊ द्या आणि सगळ्यात आधी प्लगची वायर काढून बाजूला करा. खाली पातं आहे. पेट्रोलचा कॉक बंद करा. कॉक नसेल तर नळी चिमट्याने दाबून ठेवा. आजूबाजूला विस्तव नको, हे वेगळं सांगायला नको.

कार्बुरेटरच्या बुडाशी फ्लोटची, म्हणजे पेट्रोलवर तरंगणाऱ्या भागाची वाटी असते, बहुधा एकाच बोल्टवर बसलेली. खाली डबा धरून ती सोडवा. ताज्या पेट्रोलचा वास झणझणीत असतो. शिळ्याचा आंबूस, व्हार्निशच्या वळणावर जाणारा. आता वाटीचा तळ बघा. पेट्रोलखाली वेगळेच लोळणारे थेंब दिसतायत? ते पाणी. कडेने पिवळट-तपकिरी चिकट थर? पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहिलं की त्यातला हलका भाग उडून जातो आणि मागे हा डिंक उरतो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल तर हवेतला ओलावाही ओढून घेतं. पाणी फार झालं की ते इथेनॉलला सोबत घेऊन तळाशी बसतं. जेट पेट्रोल उचलतं ते नेमकं तळातूनच.

तो बोल्ट बाजूला ठेवू नका. अनेक इंजिनांत हा बोल्टच मुख्य जेट असतो. मधोमध एक भोक, आणि आट्यांजवळ बाजूला एक अगदी बारीक. उजेडासमोर धरा. पलीकडचं दिसत नसेल, तर चोर सापडला. विजेच्या वायरीतली तांब्याची एक बारीक तार काढा आणि हलक्या हाताने आरपार फिरवा. सुई, टाचणी, पोलादी तार नको. पितळ मऊ असतं. भोक रुंदावलं की इंजिन कायमचं जास्त पेट्रोल पिणार. मग कार्बुरेटर क्लीनरचा फवारा, डोळ्यांवर चष्मा लावून, आणि रबरी भागांपासून लांब.

आता दुसरी तऱ्हा: दहा-पंधरा मिनिटं छान चालतं आणि मग पडतं. इथे कार्बुरेटर उगाच उघडू नका. टाकीच्या झाकणाला हवा आत घेणारं एक बारीक छिद्र असतं. ते बुजलं, तर पेट्रोल जसं उतरतं तशी टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल उतरायचंच थांबतं. इंजिन पडल्या पडल्या झाकण जरासं सैल करा. सूं असा आवाज आला आणि लगेच पुन्हा चालू झालं, तर दुरुस्ती म्हणजे झाकण धुणं. एवढ्यासाठी लोक नवा कार्बुरेटर बसवून मोकळे होतात!

झाकण सैल करूनही उपयोग नाही, पण गार झाल्यावर सुरू होतं? मग ठिणगी तपासा, आणि तीसुद्धा बंद पडल्या क्षणी. प्लगला वीज पुरवणारी इग्निशन कॉइल तापली की कधी कधी ठिणगी देत नाही, आणि गार झाली की साळसूदपणे कामाला लागते. गार इंजिनावर तपासलंत, तर ती निर्दोष सुटणार.

काळा धूर असेल, तर गोष्ट उलटी: पेट्रोल जास्त, हवा कमी. एअर फिल्टर काढून बघा.

(दृश्य: जोडलेलं यंत्र, टाकीत ताजं पेट्रोल.)

सगळं जोडून झालं की जुनं पेट्रोल परत टाकीत ओतायचं नाही, गटारात तर नाहीच. ताजं भरा, चोक पूर्ण सोडा आणि यंत्र थेट उंच गवतात घाला. मोकळ्यावर चालणारं इंजिन गवतात शिरताच दम तोडत असेल, तर जेटचं भोक अजून अर्धवटच उघडलंय; वाटी पुन्हा सोडवा.