तळ्याची वेळ

चहाला उशीर झाला म्हणून आपणही हे व्याख्यान उशिरा सुरू करतोय. कॅनडाचे संगीतकार आर. मरे शेफर यांच्या 'द प्रिन्सेस ऑफ द स्टार्स' या तळ्यावरच्या संगीतनाटकाला हे चाललं नसतं. १९८१ साली टोरांटोजवळच्या हार्ट लेकवर झालेला तो प्रयोग सूर्योदयाला बांधलेला होता. प्रेक्षक अंधारात काठावर येऊन बसणार. पाण्यापलीकडून नुसता बाईचा गळा, बाई दिसत नाही. मग होड्यांतून पात्रं येतात : लांडगा, पहाटेचे पक्षी, तीन शिंगांचा शत्रू. शेवटी सूर्य, पात्र म्हणूनही आणि खराही. त्याला 'पाच मिनिटं थांबा, पाहुणे निघालेत' असं कोण सांगणार?

दशावतारही रात्र जागवतो. पण तिथे उजाडलं की नाटक संपतं, इथे उजाडणं हेच नाटक.

आता माझं दुखणं. हे डोक्यात घेऊन मी एका धरणाच्या काठावर पंचवीस मिनिटांचा तुकडा बसवला. तालमी पहाटे साडेपाचला. पलीकडे हलगीवाला, अंतर तीनेकशे मीटर. काडी पडलेली दिसायची, ठोका जवळजवळ सेकंदाने यायचा. मी ओरडलो, "ताल सोडू नकोस!" तो ओरडला, "मी कुठं सोडलाय सर, तुमच्याकडं उशिरा पोचतोय!" हे उत्तरही उशिराच पोचलं. मग मी गाणारीला प्रत्येक ओळीनंतर थांबवलं, आणि त्या थांब्यात समोरचा डोंगर ओळ परत म्हणू लागला. आयता कोरस, मानधन नाही!

संयोजक म्हणाले, पहाटे कोण येणार? प्रयोग संध्याकाळी साडेसहाला. दोन स्पीकर, जनरेटर गाणारीच्या शेजारी, वारा सुटलेला. डोंगराने एकही ओळ परत दिली नाही. सत्कार मात्र शब्दन् शब्द ऐकू गेला.

इथल्या संयोजकांची चिठ्ठी आली. सात मिनिटं उरलीत. म्हणजे 'उत्तरेचं रान नाटक कसं घडवतं' हा जाहीर केलेला विषय आता सुरू.

पटापट सांगतो. पहाटे पाण्यालगतची हवा गार, वरची उबदार. वर निघालेला आवाज वाकून खाली येतो, दूर जातो. वारा सुटला की संपलं. शिवाय व्यंजनं वाटेत गळतात, स्वर पोचतात. शेफर यांची पात्रं अनोळखी भाषांत बोलतात, समजेल असं बोलतो तो एकटा निवेदक. मला त्यामागे हा हिशेब दिसतो. आधी १९७९ मध्ये त्यांनी एका रानतळ्याभोवती ट्रॉम्बोन हे पितळी फुंकवाद्य वाजवणारे बारा जण उभे केले होते, पहाटे आणि संध्याकाळी वाजवायला. मध्येच तळ्यावरचा लून हा पाणपक्षी ओरडला तर ओरडू द्यायचं. आपण उचलतो ते मुखवटे आणि होड्या. वेळ तेवढी उचलत नाही. 'प्रिन्सेस'च्या कथेची धाटणी तिथल्या मूळ रहिवाशांच्या कथांसारखी आहे, यावर टीका झाली आहे. मला ती पटते, पण त्याला वेगळी संध्याकाळ हवी.

दुसरी चिठ्ठी. ही हसून दिलेली नाही. हलगीवाला मागच्या रांगेत बसलाय, उरलेले प्रश्न त्याला विचारा. उत्तर उशिरा पोचेल.