चोविसाव्या आठवड्याच्या अलीकडे

मंडळी, आज दिवस भरण्याच्या फार आधी जन्मणाऱ्या बाळांबद्दल बोलायचंय. आधी दोन देश घेऊ. स्वीडन आणि फ्रान्स. दोन्ही श्रीमंत, दोन्हीकडे दवाखान्याचं बिल आईबापांच्या खिशातून जात नाही, दोन्हीकडचे बालरोगतज्ज्ञ एकाच परिषदांना जातात. स्वीडनने २००४ ते २००७ या काळात, २७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या आपल्या सगळ्या बाळांची नोंद ठेवली. तेविसाव्या आठवड्यात, म्हणजे २३ पूर्ण आणि २४ अपुरे असताना, जी बाळं जिवंत जन्मली त्यांतली ५३ टक्के वर्षाची झाली. फ्रान्सने २०११ साली असाच देशभराचा अभ्यास केला. तिथे २४ आठवड्यांच्या आतल्या जन्मांपैकी दवाखान्यातून घरी गेलेली बाळं एक टक्कासुद्धा नव्हती. इंग्लंडचा २००६ सालचा आकडा या दोहोंच्या मधला: तेविसाव्या आठवड्याला १९ टक्के.

फ्रेंच बाळांची फुप्फुसं काही स्वीडिश बाळांपेक्षा कच्ची नसतात. मग हा फरक आला कुठून?

एक भाग निव्वळ हिशेबाचा आहे, तो आधी उरकून टाकतो. भागाकारात खाली काय ठेवलं, हे विचारल्याशिवाय असा कुठलाही आकडा मानू नका. मी सांगितलेल्या स्वीडनच्या आकड्यात फक्त जिवंत जन्मलेली बाळं आहेत, फ्रान्सच्या आकड्यात मृत जन्मही धरलेत. जपानचे जे आकडे पाहून आपण थक्क होतो, त्यांतले बरेच एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, दाखल झालेल्या बाळांचे असतात. प्रसूतीच्या टेबलावरच गेलेलं बाळ त्यात येत नाही. आणि या वयात ‘जिवंत जन्म’ म्हणायचं कशाला, हेही जागोजागी बदलतं. सोव्हिएत काळात तर एक किलोच्या आतलं बाळ आठवड्याच्या आत गेलं, तर ते जन्मलं असंच धरत नसत. बालमृत्यूचा दर आपोआप कमी!

पण हा सगळा हिशेब नीट मांडला, तरी मोठी दरी उरतेच. तिचं कारण यंत्रात नाही, आधीच घेतलेल्या निर्णयात आहे. फ्रान्समध्ये त्या काळी २४ आठवड्यांच्या आत बाळाला वाचवण्याचे प्रयत्न सहसा सुरूच करत नसत. नेदरलँड्समध्ये ही रेषा २०१० पर्यंत २५ आठवड्यांवर होती, मग ती २४ वर आली. बाळ गर्भाबाहेर जगू शकतं असं धरण्याची आपली कायदेशीर मर्यादा जपानने १९९१ पासून २४ वरून २२ आठवड्यांवर आणली. मर्यादा खाली आली की काय होतं? कळा सुरू झालेल्या बाईला जन्माआधीच मोठ्या रुग्णालयात हलवतात. बाळाची फुप्फुसं पिकावीत म्हणून तिला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. जन्माच्या खोलीत नवजात बालकांचा डॉक्टर हजर राहतो. यांतलं काहीच केलं नाही, तर बाळ जात नाही तर काय होईल? ते गेलं की तक्त्यात शून्य लिहिलं जातं, आणि पुढच्या वेळी तोच तक्ता दाखवून सांगतात, बघा, या वयाची बाळं जगतच नाहीत.

हे फक्त देशादेशांत घडतं असंही नाही. अमेरिकेतल्या २४ रुग्णालयांचा २००६ ते २०११ मधल्या जन्मांचा एक अभ्यास आहे. बाविसाव्या आठवड्यातल्या सगळ्या बाळांत जगलेली पाच टक्के. पण ज्यांच्यावर उपचार खरोखर सुरू झाले, त्यांच्यापुरतंच पाहिलं तर तेवीस टक्के. काही रुग्णालयांत या वयाच्या एकाही बाळावर उपचार होत नव्हते, काहींत सगळ्यांवर. देश एक, औषधं एक. बाईला कळा कुठल्या गावात आल्या, यावर सगळं.

आता यावर लगेच ‘डच लोक निष्ठुर आहेत’ असं म्हणायला जाल, तर थांबा. स्वीडनच्या त्याच बाळांना साडेसहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासलं. जगलेल्यांपैकी ३६ टक्के मुलांना कसलंही अपंगत्व नव्हतं, ३० टक्क्यांना सौम्य, २० टक्क्यांना मध्यम आणि १३ टक्क्यांना तीव्र. हा आकडा एकाला आशेचा वाटतो, दुसऱ्याला धास्तीचा, आणि दोघेही शहाणे असू शकतात. मला स्वतःला स्वीडनची वाट अधिक पटते, कारण तिथे निदान तक्ता खरं बोलतो. पण महिनोन्‌महिने व्हेंटिलेटरवर, रोज सुया टोचून घेणारं अर्ध्या किलोचं बाळ ज्याने पाहिलंय, तो डच डॉक्टरला नावं ठेवायला धजणार नाही.

जपानबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. २०१८ साली टोकियोत २६८ ग्रॅमचा मुलगा जन्मला आणि काही महिन्यांनी घरी गेला. तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांनीही ती बातमी छापली होती. मला मात्र बातमीपेक्षा त्यामागची वहिवाट महत्त्वाची वाटते. तिथे अशा बाळाला शक्य तितका कमी हात लावतात. नवजात विभागातले डॉक्टर स्वतःच बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी करतात, कुणाची वाट पाहत बसत नाहीत. आईचं दूध अगदी लवकर, थेंबाथेंबाने सुरू होतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या खर्चासाठी सरकारची वेगळी योजना आहे. आणि सर्फॅक्टंट, म्हणजे फुप्फुसातले बारीक फुगे मिटू न देणारं द्रव्य, बाळांच्या श्वासनलिकेत घालून पहिलं यश मिळवलं तेही एका जपानी डॉक्टरने, तेत्सुरो फुजिवारा यांनी, १९८० साली. त्याआधी सतरा वर्षं अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा, केनेडींचा मुलगा साडेचौतीस आठवड्यांचा, दोन किलोंहून जास्त वजनाचा, दोन दिवसही जगला नव्हता. तेच बाळ आज आपल्या जिल्हा रुग्णालयात जन्मलं, तर बहुतेक आईच्या कुशीत घरी जाईल.

आणि इथेच आपल्याकडे वळतो. २०२० साली जगात सुमारे एक कोटी चौतीस लाख बाळं दिवस भरण्याआधी जन्मली, त्यांतली तीस लाखांच्या आसपास भारतात. इतकी कुठल्याच देशात नाहीत. पण बावीस-तेवीस आठवड्यांचा वाद आपल्याकडे मूठभर खाजगी रुग्णालयांपुरता आहे. आपला प्रश्न २८ ते ३४ आठवड्यांचा. सात महिने भरलेली बाळं. ‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही’ असं आजी सांगायची, ते साफ चूक. गर्भात राहिलेला प्रत्येक आठवडा कामाचा असतो. श्रीमंत देशांत ३२ आठवड्यांची जवळजवळ सगळी बाळं जगतात. गरीब देशांत त्या वयाची आणि त्याहून लहान बाळं निम्मी जातात. तीही ऊब नाही, दूध नाही, जंतुसंसर्ग झाला, श्वासाला आधार मिळाला नाही, अशा कारणांनी.

मग तिकडचं इंजेक्शन इकडे आणलं की झालं? नाही. हे सांगणारा प्रयोग आपल्याच नागपूर आणि बेळगाव भागात झाला. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने बाळं वाचतात हे न्यूझीलंडमध्ये १९७२ सालीच दिसलं होतं. सहा देशांत, ग्रामीण भागासकट, लवकर बाळंत होईलशी वाटणाऱ्या बायकांना ते देण्याची व्यवस्था केली गेली. निकाल २०१५ मध्ये आले. सर्वांत लहान बाळांचे मृत्यू घटले नाहीत, आणि सगळी नवजात बाळं धरली तर ते वाढले: हजारी २४ च्या जागी २७. आयांमध्येही संसर्गाची शंका जास्त. दिवस नेमके किती भरलेत हे सोनोग्राफीशिवाय कळत नव्हतं, त्यामुळे इंजेक्शन घेतलेल्या बऱ्याच बायका पुढे दिवस भरूनच बाळंत झाल्या. आणि जन्मलेल्या कच्च्या बाळाला सांभाळणारा विभाग अनेक ठिकाणी नव्हताच. पाच वर्षांनी भारतासह पाच देशांत तेच औषध पुन्हा तपासलं. या वेळी सोनोग्राफीने दिवस मोजून, बाळ सांभाळता येईल अशा रुग्णालयांत. तेव्हा नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ वर आले. औषध तेच होतं. स्वीडनमध्ये ते लागू पडतं कारण त्याच्या आगेमागे सगळी साखळी उभी असते.

साखळी उभी करायला स्वीडनचाच पैसा लागतो असंही नाही बरं का. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि १९९९ साली निकाल छापले. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यू निम्म्याहून खाली आले होते. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आईच्या दुधाची आशियातली पहिली पेढी सुरू केली. आणि कांगारू पद्धत, बाळाला उघड्या छातीशी धरून ठेवण्याची, १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटाहून आली, तीही बाळांना उबेत ठेवायच्या पेट्या कमी पडत होत्या म्हणून. २०२१ साली भारत आणि आफ्रिकेतल्या चार देशांचा अभ्यास आला. एक ते १.८ किलोंच्या आतल्या बाळांना, प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता, जन्मल्यावर लगेच छातीशी दिलं, तर महिन्याभरातले मृत्यू १५.७ वरून १२ टक्क्यांवर येतात. फायदा इतका स्पष्ट होता की अभ्यास वेळेआधी थांबवला. पण मग आईची खाट नवजात विभागातच टाकावी लागते. आपल्याकडे आई दुसऱ्या मजल्यावर, बाळ चौथ्यावर, आणि मध्ये वॉचमन.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवली की वाचलेल्या बाळाचं पुढे काय बघायचं. डोळे बघा, आणि लवकर. प्राणवायू मोजूनमापून न दिल्याने पडद्याच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढतात. स्वीडनमध्ये हा आजार मुख्यतः २८ आठवड्यांच्या आतल्या बाळांचा. आपल्याकडे तो ३०-३२ आठवड्यांच्या, दीड किलोच्या बाळातही सापडतो. म्हणून ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोंच्या आत जन्मलेल्या बाळाचे डोळे तीस दिवसांच्या आत पडदा तपासणाऱ्या डॉक्टरकडून बघून घ्यायचे, आणि फारच लहान बाळ असेल तर दोन ते तीन आठवड्यांतच. डिस्चार्ज कार्डावर ती तारीख लिहिलेली नसेल, तर तिथेच मागून घ्या.